शूर्पारकाचा वारसा आणि ग्रामशाळा

(वरच्या प्राथमिक इयत्तांसाठी इतिहास, गणित व परिसर यांचा समवाय-पाठ)

प्रास्ताविक

प्राचीन नगर म्हटले की पडके तट, कोरीव शिळा आणि पाटी लावलेले फाटक एवढेच चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अशा स्थळांची राखण सरकारने करावयाची असते, आपला तेथे काही संबंध नाही, अशी समजूत खेड्यापाड्यांतून सर्वत्र आढळते. ही समजूत अर्धीच खरी आहे. कुंपणाच्या आत जे असते त्याला पहारेकरी मिळतो. परंतु जुन्या नगराचा बराच मोठा भाग कुंपणाच्या बाहेर, शेताच्या बांधात, विहिरीच्या कठड्यात, तळ्याच्या गाळात आणि देवळाच्या पायरीत विखुरलेला असतो. त्याला पहारेकरी एकच. तो म्हणजे त्या दगडाशेजारी राहणारा मनुष्य. त्या मनुष्याला दगडाची ओळख असेल तर दगड टिकतो, नसेल तर तो एखाद्या भिंतीच्या पायात जातो. ही ओळख करून देणे हे ग्रामशाळेचे काम होय. सोपारे या नगराच्या उदाहरणावरून ते कसे करता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

पाठाचा प्रारंभ कोठून करावा

दिघाशी हे ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील एक खेडे. येथल्या मुलाला सोपारे हे नाव रेल्वे स्टेशनामुळेच माहीत असावयाचे. म्हणून पाठाचा आरंभ सोपाऱ्यापासून न करता मुलांच्या परिचयाच्या स्थळापासून करावा. वज्रेश्वरीचे देऊळ याच तालुक्यात आहे. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी अप्पांनी नवस केला व १७३९ मध्ये वसई हाती आल्यावर हे देऊळ बांधविले, ही हकीकत घरोघरी सांगितली जाते. ती मुलांकडूनच वदवून घ्यावी. वसईचे नाव निघाले म्हणजे नकाशावर वसई दाखवावी, आणि तिच्या शेजारी, तिच्याहून कितीतरी शतके जुने असे एक बंदर होते, असे सांगून पाठविषयाकडे वळावे. वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून तो त्या जिल्ह्यात मोडतो.

सोपाऱ्याची ओळख

महाभारतात या स्थळाचा शूर्पारक या नावाने उल्लेख आहे. बौद्ध ग्रंथांत ते सुप्पारक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात सोपारे आणि कल्याण या दोन्ही बंदरांची नावे येतात. घाटमाथ्यावरील माल नाणेघाटासारख्या वाटांनी कोकणात उतरे आणि या बंदरांतून परदेशी जाई. पुढे खाडी गाळाने भरत गेली, जहाजांची ये-जा थांबली आणि नगराचे महत्त्व ओसरले. आज त्या जागेभोवती वसई-विरार महानगराची दाट वस्ती आहे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस एक टेकाड होते. लोक त्याला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ च्या एप्रिल महिन्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरले, तेव्हा तो कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप आहे असे निष्पन्न झाले. त्याच्या मध्यभागी दगडी पेटी निघाली. पेटीत तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने यांचे एकात एक ठेवलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या लहानलहान खापऱ्या होत्या. त्या भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राच्या असाव्यात असे भगवानलालांनी अनुमान केले. सोन्याची फुले, यज्ञश्री सातकर्णीचे एक चांदीचे नाणे आणि बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्तीही पेटीत होत्या. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे देण्यात आल्या.

येथे मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. सोन्याच्या करंडकात मातीच्या खापऱ्या कशासाठी ठेवल्या असतील? मुले विचार करतील. वस्तूचे मोल तिच्या धातूत नसून तिच्या संबंधात असते, हे उत्तर त्यांच्याकडून आले तर पाठाचा अर्धा हेतू साधला असे समजावे.

चौदांपैकी दोन

त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यातील एका तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. सम्राट अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तो अंश होता. हा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. त्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षे लोटली. १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे दुसरा तुकडा आढळला. तो नवव्या लेखाचा निघाला.

दोन्ही लेखांचा आशय मुलांना सोप्या शब्दांत सांगण्याजोगा आहे. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी व करमणुकीसाठी प्रवासास निघत. आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली. तीत श्रमण व ब्राह्मण यांची भेट घेणे, वृद्धांचे दर्शन घेऊन त्यांना द्रव्य देणे आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे या गोष्टी येतात. नवव्या लेखात लोक नाना प्रसंगी जी मंगलकार्ये करतात त्यांविषयी विवेचन आहे. दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान हेच खरे मंगल, असा त्याचा अर्थ आहे.

आता फळ्यावर एक ते चौदा आकडे ओळीने लिहावेत. आठ आणि नऊ या आकड्यांभोवती वर्तुळ काढावे आणि उरलेल्या बारा आकड्यांकडे बोट दाखवून विचारावे : हे दगड कोठे गेले? सौराष्ट्रात गिरनारच्या पायथ्याशी एकाच प्रचंड खडकावर चौदाही लेख कोरलेले आहेत. म्हणून त्यांतील मजकूर जगाला ठाऊक आहे. सोपाऱ्याचे दगड मात्र सुटे झाले, आणि दोहोंखेरीज एकही हाती लागलेला नाही. ते कोणी वैराने फोडले असतील असे मानण्याचे कारण नाही. घडीव दगड आयता मिळाला म्हणजे माणूस तो पायरीला, जोत्याला किंवा धुण्याच्या दगडाला वापरतो. त्यात द्वेष नसतो, केवळ अपरिचय असतो. भुईगावचा तुकडा वाचला तो कोणाच्या तरी नजरेने अक्षर ओळखले म्हणून. उरलेल्यांपैकी एखादा आजही कोठेतरी पालथा पडलेला असू शकेल. हा विचार मुलांच्या मनात रुजविणे हा या पाठाचा गाभा आहे.

लोकांनी राखलेला वारसा : जुने दाखले

वारसा राखण्याचे काम लोकांनी करावयाचे ही कल्पना नवी नाही. कान्हेरीच्या लेण्यांतील अनेक लेख दात्यांची नावे सांगतात. त्यांत कल्याणचे आणि सोपाऱ्याचे रहिवासी आहेत. कोणी पाण्याचे टाके खोदविले, कोणी लेणे दिले, कोणी खर्चासाठी ‘अक्षयनीवी’ ठेवली. अक्षयनीवी म्हणजे मूळ रक्कम कधीही न मोडता केवळ व्याजावर चालणारी ठेव. बांधणे एकदाच घडते, परंतु सांभाळणे दरवर्षी करावे लागते, हे त्या लोकांनी पुरते ओळखले होते.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्याचा उल्लेख त्यांत येतो. त्याच लेण्यातील दुसऱ्या लेखाप्रमाणे त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. ही रक्कम त्याने कोणाच्या हाती दिली? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींच्या. २००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा दर शेकडा १ या व्याजाने, आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा दर शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते. भिवंडीच्या यंत्रमागांवर ज्यांचे आईबाप, काका किंवा भाऊ राबतात त्या मुलांना, दोन हजार वर्षांपूर्वी राजाच्या जावयाने मोठी ठेव विणकरांच्या विश्वासावर ठेवली होती, हे जरूर सांगावे.

भिवंडी तालुक्यातही असा दाखला आहे. भादाणे येथे मिळालेला शिलाहार राजा अपराजित याचा ताम्रपट शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७ चा आहे. त्यान्वये भादाणे हे गाव लोणादित्य या देवास अर्पण करण्यात आले. हे देवस्थान आजच्या लोनाड येथील होय. एका गावाच्या उत्पन्नावर दुसऱ्या गावच्या देवाची पूजाअर्चा चालावी, अशी ती व्यवस्था होती.

आपल्या देशाबाहेरही असे दाखले आहेत. नेपाळातील काठमांडूच्या खोऱ्यात ‘गुठी’ नावाच्या मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जमिनीच्या उत्पन्नातून देवळे, धर्मशाळा व पाणवठे यांची डागडुजी आणि उत्सव चालवीत आल्या. २०१५ च्या भूकंपात तेथील अनेक देवळे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्यातील मूर्ती व कोरीव लाकडे वेचून सुरक्षित ठेवण्यास स्थानिक रहिवासी पुढे आले. प्रत्येक लाकूड कोठले हे ओळखणारे डोळे तेथे होते, हाच मुद्दा मुलांसमोर ठेवावा.

गणिताशी समवाय

उषवदाताची ठेव हे सरळव्याजाचे उत्तम उदाहरण आहे. ते फळ्यावर येणेप्रमाणे सोडवून घ्यावे.

१. २००० कार्षापणांवर दरमहा दर शेकडा १ प्रमाणे एका महिन्याचे व्याज किती? (२०)

२. एका वर्षाचे किती? (२४०)

३. हे व्याज २० भिक्षूंत सारखे वाटले तर प्रत्येकास किती? (१२)

लेखातील आकडा आणि मुलांनी काढलेला आकडा तंतोतंत जुळतो, हे पाहून त्यांना जो आनंद होईल तो पुस्तकातील उदाहरणाने होत नाही. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज (९०) मुलांनी घरून काढून आणावे. नंतर विचारावे : मूळ रक्कमच खर्चून टाकली असती तर तिसऱ्या वर्षी काय झाले असते? यावरून वारसा ही सुद्धा एक अक्षयनीवीच आहे, तिचे व्याज घ्यावे, मुद्दल मोडू नये, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

परिसर-भेट

शक्य असेल तर वर्गास लोनाड येथे न्यावे. तेथे डोंगरात बौद्ध लेणे आहे आणि गावाकडे जुन्या शिवमंदिराचे अवशेष आहेत. लेण्यातील भिंतीवर राजपरिवाराचे मोठे शिल्प कोरलेले आहे. याच लेण्यात ग्रामस्थ देवीची पूजा करतात. भक्तीमुळे जागा झाडलेली राहते, वाट मोडत नाही, परका माणूस तेथे काही उखडू लागला तर हटकला जातो. हा पूजेचा मोठा उपकार आहे. मात्र त्याच भक्तीने दगडावर तैलरंगाचे वा शेंदराचे लेप चढतात, नारळ फोडल्याने कोरीवकाम झिजते आणि धुराने भिंती काळवंडतात. शिक्षकाने गावकऱ्यांच्या श्रद्धेला तिळमात्र धक्का न लावता, पूजा पुढे ठेवलेल्या पादुकांची किंवा पाटाची व्हावी, नारळ बाहेर फोडावा, दिवा भिंतीपासून दूर असावा, एवढेच वडीलधाऱ्यांशी बोलून सुचवावे. अशा सूचना गावचे पुजारी व जाणती माणसे यांच्या मुखातून गेल्या तर अधिक मानल्या जातात.

उत्तर कोकणात शिलाहारकालीन शापशिला ठिकठिकाणी आढळतात. त्यांना लोक गधेगळ म्हणतात. वर चंद्रसूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्यास शाप दर्शविणारी आकृती, अशी त्यांची रचना असते. कित्येक गावांत असा दगड अशुभ मानून पालथा घालतात किंवा दूर टाकतात. वास्तविक तो गावाच्या हक्काचा दस्तऐवज असतो. लहान मुलांस खालच्या आकृतीचा तपशील सांगण्याचे कारण नाही. चंद्रसूर्य असेतो हे दान चालावे, असा वरच्या चिन्हांचा अर्थ सांगितला म्हणजे पुरे.

भेटीच्या वेळी पुढील पथ्ये पाळावीत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, चुना किंवा कोळसा भरू नये. शिक्षकांकडूनही ही चूक सद्‌हेतूने होते. दगड घासू नये, त्यावर पाणी ओतून तारेचा ब्रश चालवू नये. दगड जागचा हलवू नये, कारण तो कोठे व कोणत्या दिशेस तोंड करून होता हीसुद्धा माहिती असते. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, चित्र काढावे, लांबी-रुंदी मोजावी. शाईचे ठसे घेण्याचे काम जाणकारांवर सोपवावे. सिमेंटने डागडुजी मुळीच करू नये.

वस्तू सापडली तर

भातखाचर नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना एखादे नाणे, मूर्ती वा लेखाचा दगड निघतो. अशा वेळी घरची मंडळी बहुधा गप्प बसतात. शेत सरकारजमा होईल ही भीती त्यामागे असते. ही भीती शिक्षकाने शांतपणे दूर केली पाहिजे. वस्तू सापडल्याने शेत आपोआप कोणी घेत नाही. १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये एखादी जागा संरक्षित करावयाची असल्यास आधी दोन महिन्यांची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी, असे १८७८ चा निखात-निधीचा कायदा सांगतो. जो खबर देतो त्याचा हक्क हा कायदा विचारात घेतो. जो लपवितो तो आपला हक्क गमावून शिक्षेस पात्र होतो. म्हणजे प्रामाणिकपणात तोटा नाही.

मुलाने वस्तू शाळेत आणली तर त्याला रागावू नये, की ती कपाटात ठेवून घेऊ नये. जागा कोणती, खोली किती, सोबत काय होते, हे टिपून घ्यावे. पालकांस भेटून सरपंच व तहसीलदार कचेरी यांच्यामार्फत जिल्हाधिकारी आणि राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय यांस कळविण्यास मदत करावी. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, हेही वरच्या वर्गांतील मुलांना माहीत असावे. परंतु शिक्षेचा धाक हा शेवटचा उपाय. आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणून तो जतन करणे हे राज्यघटनेच्या ५१-क अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे; पाठात भर यावर द्यावा.

गावाची नोंदवही

पाठ वर्गात संपू नये. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांना किंवा गावातील एखाद्या वृद्धास विचारून पाच नावे लिहून आणावीत : एक शेताचे, एक तळ्याचे किंवा ओढ्याचे, एक देवाचे, एक वाटेचे आणि एक मोठ्या दगडाचे किंवा टेकाडाचे. त्या नावामागची गोष्टही लिहावी. ती खरी की खोटी याचा निवाडा करण्याची घाई करू नये. ‘बुरूड राजाचा कोट’ हे नाव इतिहासाच्या दृष्टीने चुकीचे होते, तरी त्या टेकाडात जुने काही दडले आहे ही आठवण त्या नावानेच शतकानुशतके जिवंत ठेवली. आगरी लग्नांतील धवले, जात्यावरच्या ओव्या, वारली व कातकरी कुटुंबांतील स्थळकथा यांतूनही अशी नावे मिळतात. आदिवासी पाड्यांवरील मुलांना या कामात पुढे करावे. रानातील जागांची माहिती त्यांच्या घरी अधिक असते, आणि वर्गात एरवी मागे बसणारे मूल या निमित्ताने सांगणारे होते.

ही सर्व टिपणे एका वहीत एकत्र करावीत. वहीत प्रत्येक जागेस एक पान असावे. जागेचे नाव, ठिकाण, चित्र, सांगणाऱ्याचे म्हणणे आणि पाहिल्याची तारीख एवढे त्यात यावे. दरवर्षी पावसाळा संपल्यावर वरच्या वर्गातील मुलांनी त्या जागा पुन्हा पाहाव्यात आणि काय बदलले ते त्याच पानावर लिहावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ती पाने वाचून दाखवावीत. रस्ता रुंद करताना, तळ्याचा गाळ काढताना किंवा देवळाचा जीर्णोद्धार करताना कोणता दगड जपावयाचा, हे त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वीच गावास कळेल. काम झाल्यावर कळून उपयोग नसतो.

मूल्यमापनाचे प्रश्न

१. सोपाऱ्यास अशोकाचे कोणते दोन लेख मिळाले, आणि कोणत्या वर्षी?

२. विणकरांच्या श्रेणीकडे ठेव का ठेवली असावी?

३. लेखाच्या अक्षरांत खडू का भरू नये?

४. तुमच्या गावातील एका जुन्या जागेचे नाव व तिची गोष्ट सांगा.

शिक्षकांस सूचना

शिक्षकाची बदली होते, मुले मोठी होऊन गावाबाहेर जातात, सरपंच बदलतात; दगड मात्र तेथेच असतो. म्हणून ही वही कोणा एका शिक्षकाची खाजगी हौस होऊ देऊ नये. ती शाळेच्या दप्तरात नोंदवावी, शाळा व्यवस्थापन समितीस माहीत करून द्यावी, आणि बदलीच्या वेळी नव्या शिक्षकाकडे कार्यभार सोपविताना हजेरीपट व जडवस्तूसंग्रह यांच्याबरोबर या वहीचीही यादीत नोंद करून ती हातोहात द्यावी.